दख्खनमधील इराणी वास्तुशैली

दख्खनमधील इराणी वास्तुशैली ही इराणात इस्लामच्या आरंभीच्या शतकांत घडलेल्या बांधकामपरंपरेची दख्खनच्या पठारावर रुजलेली शाखा होय. इ.स.च्या चौदाव्या शतकापासून सतराव्या शतकापर्यंत बहमनी सुलतान आणि त्यांच्यानंतरच्या शाह्या यांच्या आश्रयाने ती वाढली. बीदर, गुलबर्गा (कलबुर्गी), दौलताबाद आणि अहमदनगर (अहिल्यानगर) ही तिची प्रमुख ठिकाणे आहेत. उंच कमानीचे ऐवान, चौरस दालनावर तोललेले घुमट, झिलईच्या रंगीत फरशा आणि भिंतीवर सजावट म्हणून लिहिलेला मजकूर ही तिची ठळक लक्षणे होत.

या वास्तूंना सरसकट ‘मोगल’ म्हणण्याचा प्रघात शालेय सहलींच्या माहितीफलकांपासून प्रवासवर्णनांपर्यंत सर्वत्र दिसतो. कालक्रम पाहिला तर तो टिकत नाही. बीदरचा मदरसा १४७२ सालचा आहे. बाबराने पानिपतची लढाई जिंकली ती १५२६ साली. इराणी स्थपती, सुलेखनकार आणि विद्वान दख्खनमध्ये आले ते मुख्यतः दिल्लीच्या वाटेने नव्हे, तर समुद्रमार्गे, चौल, दाभोळ आणि गोवे या बंदरांत उतरून. म्हणूनच दख्खनच्या या इमारतींचे नाते आग्र्यापेक्षा इस्फहान, काझवीन आणि खुरासान यांच्याशी अधिक जवळचे आहे.

उगम : सासानी वारसा

सातव्या शतकाच्या मध्यास अरबांनी सासानी साम्राज्य जिंकले तेव्हा इराणात कमान आणि घुमट यांची परंपरा जुनी आणि पक्व झालेली होती. तिसऱ्या शतकाच्या आरंभी अर्दशीर पहिला याने फिरोजाबाद येथे बांधलेल्या महालात चौरस दालनांवर घुमट आहेत. टायग्रिस नदीकाठच्या तेसिफोन येथील ‘ताक-ए-किस्रा’ या राजवाड्याची विटांची कमान सुमारे २५ मीटर रुंद असून ती आजही अंशतः उभी आहे. नव्या धर्माला सामूहिक प्रार्थनेसाठी मशीद हवी होती. तिचा आराखडा अरबस्तानातून आला. ती बांधणारे हात मात्र स्थानिक होते. आठव्या शतकातील दामघान येथील तारीखाना मशिदीत हा संगम स्पष्ट दिसतो. मोकळे अंगण आणि त्याभोवतीच्या ओवऱ्या ही अरब पद्धत. त्या ओवऱ्यांचे जाडजूड विटांचे खांब थेट सासानी घाटाचे.

चौरस खोलीवर गोल घुमट बसवायचा कसा, हा या साऱ्या वास्तुशास्त्रातला मूळ प्रश्न होता. चौरसाला चार कोपरे असतात, घुमटाच्या कडेला एकही नसतो. इराणी गवंड्यांनी प्रत्येक कोपऱ्यात एक तिरपी कमान टाकली. त्यामुळे चौरसाचा अष्टकोन होतो; अष्टकोनावर लहान कमानी घेतल्या की षोडशकोन होतो; आणि त्यावर घुमटाचे वर्तुळ सहज बसते. बुखारा येथील दहाव्या शतकातील सामानी राजवंशाच्या लहानशा कबरीत ही युक्ती फार देखण्या रीतीने पाहावयास मिळते. तिथे रंग नाही, दगड नाही; भाजलेल्या विटा आडव्या, उभ्या, तिरप्या लावून सगळी नक्षी साधली आहे. पुढे कोपऱ्यातल्या कमानींचे अनेक लहान कोनाडे करून ते एकावर एक रचण्याची पद्धत निघाली. मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या दिसणाऱ्या या रचनेस मुकर्नस म्हणतात.

महाराष्ट्रातील वाचकाला हा फरक हेमाडपंती मंदिराशी तुलना केल्यास चटकन समजेल. मंदिराच्या सभामंडपाचे छत आडव्या शिळा एकीपुढे एक थोड्या थोड्या सरकवून वर मिटत नेलेले असते. त्यात प्रत्येक दगडाचा भार सरळ खाली जातो. इराणी कमानीत दगड किंवा विटा पाचरीसारख्या एकमेकींना रेटून उभ्या राहतात, भार बाजूला ढकलला जातो, आणि हा रेटा पेलण्यासाठी जाड भिंती व मजबूत चुना लागतो. दोन्ही पद्धती आपापल्या जागी परिपूर्ण आहेत. एक मागासलेली आणि दुसरी पुढारलेली, असे जे काही जुन्या पुस्तकांत लिहिलेले आढळते, त्यास आधार नाही.

कबरींसाठी उंच बुरूज बांधण्याची प्रथाही याच काळातली. कास्पियन समुद्राजवळचा गुंबद-ए-काबूस (१००६–०७) हा सुमारे ५३ मीटर उंचीचा विटांचा बुरूज तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण असून २०१२ साली त्यास युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

चार ऐवानांची रचना

ऐवान म्हणजे तीन बाजूंनी बंद आणि चौथ्या बाजूने पूर्ण उघडे, कमानीच्या छताचे उंच दालन. सासानी राजे अशा दालनात दरबार भरवीत. अकराव्या-बाराव्या शतकांत, सेल्जुक सुलतानांच्या काळात, अंगणाच्या चारही बाजूंच्या मध्यावर एकेक ऐवान समोरासमोर ठेवण्याची रचना मशिदीत स्थिर झाली. झवारे येथील मशीद (११३५–३६) मुळातच या आराखड्यावर बांधली गेली. इस्फहानच्या जामी मशिदीत मात्र जुन्या ओवऱ्या मोडून ऐवान नंतर घालण्यात आले. तिथे वजीर निजामुल्मुल्क याने १०८६–८७ मध्ये दक्षिणेस मोठा घुमट उभारला आणि त्याचा प्रतिस्पर्धी ताजुल्मुल्क याने लगेच १०८८ मध्ये उत्तरेस दुसरा, आकाराने लहान पण प्रमाणबद्धतेत अधिक सरस. दरबारातील चुरशीने इमारतींचे भले झाल्याचे हे एकच उदाहरण नव्हे.

चार ऐवानांची रचना केवळ मशिदीपुरती राहिली नाही. मदरसा, सराई, इस्पितळ, राजवाडा या सर्वांना ती सोयीची ठरली. मध्ये अंगण, चार बाजूंना चार मोठी दालने आणि कोपऱ्यांत लहान खोल्या: शिकविण्यासाठी ऐवान आणि राहण्यासाठी खोल्या, अशी मदरशाची विभागणी आपोआपच होते. उन्हाळ्यात सावलीच्या ऐवानात आणि हिवाळ्यात उन्हाच्या ऐवानात वर्ग भरवता येतात, हा लाभ शिक्षकांच्या विशेष लक्षात येईल.

काशीकाम

झिलईच्या रंगीत फरशांना फार्सीत ‘काशी’ म्हणतात. या शब्दाचा वाराणसीशी काही संबंध नाही. इराणातील काशान हे कुंभारकामाचे नगर त्याच्या मुळाशी आहे. काशानच्या एका कुंभार घराण्यातील अबुल कासिम याने १३०१ साली या कलेची कृती लिहून ठेवली. तांब्याच्या क्षारांपासून फिरोजी आणि कोबाल्टपासून लाजवर्दी निळा, हे तिचे दोन आधारभूत रंग. आरंभी विटांच्या भिंतीत मधूनमधून एखादी फिरोजी वीट बसवीत. हळूहळू संपूर्ण भिंत फरश्यांनी मढविण्याकडे कल झाला. सर्वांत अवघड पद्धतीत निरनिराळ्या रंगांच्या फरशांचे लहान तुकडे कोरून ते एकमेकांशी तंतोतंत जुळवून बसवीत. सुलतानिया येथील ओल्जाइतू या इल्खानी सुलतानाच्या कबरीचा (१३०२–१२) घुमट निळ्या फरशांनी मढवलेला आहे.

रखरखीत, मातकट भूमीवर दुरून दिसणारा निळा घुमट पाण्याचा भास करून देतो. दख्खनमध्ये हे रंग आले तेव्हा त्यांच्याभोवती काळा कातळ आणि तांबडा जांभा होता, आणि चार महिन्यांचा पावसाळा. या बदललेल्या परिस्थितीने त्यांचे पुढे काय झाले ते खाली येईलच.

कोकण किनाऱ्यावरील आरंभीचे संबंध

बहमनी राज्याच्या चार-पाचशे वर्षे आधीच इराणी आखातातील व्यापारी उत्तर कोकणात स्थायिक झालेले होते. ९१६ च्या सुमारास अल्-मसूदी हा प्रवासी सैमूर म्हणजे चौल येथे आला. सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून आलेल्या व त्यांच्या वंशजांच्या मिळून सुमारे दहा हजार मुसलमानांची वस्ती तेथे असल्याचे त्याने लिहिले आहे. इराणच्या इस्तख्र नगरीचा भूगोलकार अल्-इस्तख्री आणि त्याच्या पाठोपाठ इब्न हौकल यांनी सिंदान (संजाण), सैमूर आणि सुबारा या नगरांचा आणि तेथील जामी मशिदींचा उल्लेख केला आहे. सुबारा म्हणजे सोपारे, बोळिंजच्या शेजारचे आजचे नालासोपारे.

पालघर जिल्ह्यातील चिंचणी येथे सापडलेले ताम्रपट या संदर्भात फार मोलाचे आहेत. त्यांपैकी शके ८४८ (इ.स. ९२६) च्या राष्ट्रकूट ताम्रपटात संयान म्हणजे संजाण मंडळाचा अधिपती म्हणून मधुमती या ताजिक अधिकाऱ्याचे नाव येते. मधुमती हे मुहम्मद या नावाचे संस्कृत रूप. त्याच्या वडिलांचे ‘सहियारहार’ हे नाव शहरियार या इराणी नावाचे रूप मानले जाते. या अधिकाऱ्याने नदी ओलांडण्यासाठी मोफत तरी आणि अन्नछत्र सुरू केल्याची नोंद त्यात आहे. शिवाय देवीच्या मठिकेसाठी गावाचे दान देण्यासही त्याची संमती होती. दहाव्या शतकातला हा कारभार आजच्या वाचकाने मुद्दाम वाचण्यासारखा आहे.

त्या काळातील म्हणून निश्चितपणे दाखवता येईल अशी एकही मशीद या किनाऱ्यावर आज उभी नाही. त्या कशा असाव्यात याची कल्पना मात्र समुद्रापलीकडच्या सिराफवरून करता येते. डेव्हिड व्हाइटहाउस यांनी १९६६ ते १९७३ या काळात तेथे उत्खनन केले. त्यांत नवव्या शतकाच्या आरंभीची एक मोठी जामी मशीद उजेडात आली: उंच चौथरा, मधले अंगण, भोवती खांबांच्या रांगा, घुमट नाही, ऐवान नाही. संजाणच्या उत्खननात पश्चिम आशियातील फिरोजी झिलईच्या भांड्यांची खापरे मोठ्या संख्येने मिळाली. म्हणजे निळी झिलई कोकणात प्रथम आली ती भिंतीवर नव्हे, तर भांड्यांवर.

बहमनी काळ

१३४७ साली दौलताबादेस स्थापन झालेल्या बहमनी राज्याचा पहिला सुलतान अलाउद्दीन हसन याने आपले कुळ बहमन या प्राचीन इराणी राजाशी जोडले. हा दावा खरा नसला तरी त्यातून या दरबाराचे तोंड कोणत्या दिशेला होते ते कळते. राजधानी लवकरच गुलबर्ग्यास गेली. तेथील किल्ल्यातील जामी मशीद (१३६७) काझवीनचा स्थपती रफी याने बांधली, असे तिच्यावरील लेख सांगतो. भारतातील इतर मोठ्या मशिदींना असते तसे अंगण तिला नाही; सर्व जागा लहान लहान घुमटांखाली झाकलेली आहे. कडेच्या ओवऱ्यांच्या कमानी फार रुंद असून जमिनीपासून थोड्याच उंचीवर वळू लागतात. त्यामुळे आत गेल्यावर छत अंगावर आल्यासारखे वाटते आणि तरीही जागा मोकळी भासते. अंगण पावसामुळे झाकले असावे असे अनुमान अनेकदा केले जाते. पण गुलबर्ग्याचा पाऊस तसा बेताचाच, आणि धो धो पावसाच्या प्रदेशातही उघड्या अंगणाच्या मशिदी बांधल्या गेल्या आहेत.

फिरोजशाह बहमनी (१३९७–१४२२) दरवर्षी गोवे आणि चौल येथून जहाजे पाठवून परदेशी माल आणि परदेशी गुणीजन दोन्ही आणवीत असे, असे इतिहासकार फिरिश्ता लिहितो. फिरिश्ता स्वतः अस्तराबादेत जन्मला, लहानपणी अहमदनगरास आला आणि पुढे विजापूरच्या दरबारी राहून त्याने आपला ग्रंथ लिहिला. परदेशातून आलेल्या या मंडळींना ‘आफाकी’ किंवा ‘गरीब’ (म्हणजे परके) म्हणत. आधीपासून स्थायिक असलेल्या ‘दख्खनी’ सरदारांशी त्यांचे वैर वाढत गेले. पंधराव्या शतकाच्या मध्यास कोकणच्या मोहिमेतून हार खाऊन परतलेल्या आफाकी सैनिकांची पुण्याजवळच्या चाकण येथे मोठी कत्तल झाली. निळ्या फरशांच्या या इमारती अशा राजकारणाच्या छायेत उभ्या राहिल्या.

अहमदशाह वली (१४२२–३६) याने राजधानी बीदरला हलविली. किरमानजवळच्या माहान येथील सूफी शाह नेमतुल्लाह वली यांच्यावर त्याची श्रद्धा होती. शाह नेमतुल्लाह स्वतः आले नाहीत. त्यांचा नातू आणि नंतर मुलगा खलीलुल्लाह हे बीदरला आले. माहान येथील त्यांच्या समाधीवरचा घुमट अहमदशाहाच्या आज्ञेने बांधला गेला व १४३६ मध्ये पूर्ण झाला. दख्खनच्या महसुलातून इराणात वास्तू उभी राहिली, ही घटना सहसा सांगितली जात नाही. देवाणघेवाण एकाच बाजूने झाली नव्हती.

बीदरजवळच्या अष्टूर गावी बहमनी सुलतानांच्या कबरी आहेत. अहमदशाहाच्या कबरीचा बाहेरील भाग साधा आहे. आत मात्र भिंती आणि घुमट शेंदरी, निळ्या आणि सोनेरी रंगांतील वेलबुट्टीने व अक्षरांनी भरून गेले आहेत. हे लेखन काझवीनच्या शुकरुल्लाह याचे. येथील उरूस हिंदू कालगणनेनुसार भरतो, आणि अनेक भाविक या सुलतानाला अल्लमप्रभू या नावाने पुजतात. जवळच खलीलुल्लाह यांची अष्टकोनी ‘चौखंडी’ आहे. तिच्या काळ्या दगडांतील चौकटींची घडण स्थानिक पाथरवटांची आणि अक्षरे शिराझच्या कलावंताची आहेत. बीदरच्या किल्ल्यातील तख्त महालात कमानीच्या कोपऱ्यांवर उगवत्या सूर्यासह वाघ रंगीत फरशांत काढलेला होता. त्याचे अवशेष आजही दिसतात. इराणी परंपरेतील सिंह येथे वाघ झाला.

महमूद गवानचा मदरसा

या शैलीची सर्वांत महत्त्वाची वास्तू म्हणजे बीदर शहरातील मदरसा. तो बांधणारा ख्वाजा महमूद गवान हा कास्पियन किनाऱ्यावरील गीलानचा. १४५३ साली व्यापारी म्हणून तो दाभोळ बंदरात उतरला, तेव्हा त्याचे वय चाळिशीच्या पुढे होते. बीदरला येऊन तो दरबारात शिरला आणि राज्याचा वजीर झाला. महाराष्ट्राच्या इतिहासात त्याचे नाव येते ते १४६९ ते १४७२ या काळातील कोकण मोहिमेमुळे: खेळणा (विशाळगड) आणि संगमेश्वर त्याने घेतले आणि १४७२ च्या आरंभी गोवे जिंकले. त्याच वर्षी त्याचा मदरसा पूर्ण झाला. साधारण याच सुमारास अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी चौलला उतरून जुन्नरमार्गे बीदरला पोहोचला. या राज्याचा कारभार खुरासानी लोकांच्या हाती आहे, असे त्याने लिहून ठेवले.

मदरसा सुमारे २०५ फूट लांब व १८० फूट रुंद असून तीन मजली आहे. मध्ये अंगण, चार बाजूंना ऐवान, कोपऱ्यांत व मधल्या भागात विद्यार्थ्यांच्या आणि अध्यापकांच्या खोल्या, एक मशीद आणि एक ग्रंथालय. ग्रंथालयात तीन हजार हस्तलिखिते होती असे परंपरा सांगते. आराखडा थेट खुरासानचा आहे. खर्गिर्द येथे १४४० च्या दशकात पूर्ण झालेल्या मदरशाशी त्याचे साम्य अभ्यासकांनी दाखवून दिले आहे. तरीही बीदरची इमारत ही नक्कल नव्हे. उत्तर, दक्षिण आणि पश्चिम या बाजूंच्या मध्यावर अर्धअष्टकोनी भाग भिंतीबाहेर काढून त्यांवर घुमट ठेवले आहेत. आणि बाहेरच्या भिंतींना तिन्ही मजल्यांवर खिडक्या दिल्या आहेत. इराणी मदरसा बाहेरच्या जगाकडे बहुधा पाठ करून बसतो. बीदरच्या पठारावर वारा मोठा. तो आत घेण्याची सोय येथे केलेली दिसते.

दर्शनी भाग पूर्वेकडे आहे. त्याच्या दोन्ही टोकांस मनोरे होते. त्यांपैकी उत्तरेकडचा एकच राहिला आहे. तीन टप्प्यांच्या या मनोऱ्याची उंची सुमारे १३१ फूट आहे. त्याच्या अंगावर पांढऱ्या, निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या फरशांची नागमोडी नक्षी होती, आणि भिंतीच्या माथ्यावर कुराणातील वचनांचा रुंद पट्टा. ती अक्षरे लिहिणाऱ्या सुलेखनकाराचे नाव अली अस्-सूफी. ओल वर चढू नये म्हणून पायात शिशाचे पत्रे घातल्याचे आढळले आहे. इराणी आराखडा दख्खनच्या जमिनीत रोवताना केलेले हे शहाणपण नक्षीइतकेच दाद देण्याजोगे आहे.

गवानचा कवी जामी आणि जलालुद्दीन दव्वानी या त्या काळच्या थोर विद्वानांशी पत्रव्यवहार होता आणि त्यांनी बीदरला यावे अशी त्याची इच्छा होती. ते आले नाहीत. गवानच्या पत्रांचा ‘रियाज-उल्-इन्शा’ हा संग्रह उपलब्ध आहे. ५ एप्रिल १४८१ रोजी, शत्रूशी संधान बांधल्याचा आरोप करणाऱ्या एका बनावट पत्राच्या आधारे, सुलतान मुहम्मदशाह तिसरा याने त्याचा शिरच्छेद करविला. हा डाव दख्खनी गटाचा होता. गवानबरोबर बहमनी राज्याचाही आधार गेला आणि थोड्याच वर्षांत त्याचे पाच तुकडे झाले.

इमारत मात्र टिकली. सतराव्या शतकाच्या आरंभी लिहिणाऱ्या फिरिश्त्याला ती नुकतीच बांधून झाल्यासारखी भासली. औरंगजेबाने १६५७ साली बीदर घेतल्यावर तिच्या काही भागाचा उपयोग सैनिकांसाठी व दारूगोळ्यासाठी होऊ लागला. १६९६ साली स्फोट होऊन दक्षिणेकडचा मनोरा, प्रवेशद्वार आणि आग्नेयेचा भाग उद्ध्वस्त झाला. वीज कोसळल्याने हा स्फोट झाला असे सांगतात. कारण काही असो, ग्रंथांच्या घरात तोफेची दारू साठविली गेली होती.

दौलताबाद आणि अहमदनगर

दौलताबादच्या किल्ल्यातील चांद मिनार हा अलाउद्दीन अहमदशाह दुसरा याने १४४५ साली बांधलेला सुमारे ६३ मीटर उंचीचा मनोरा होय. दिल्लीच्या कुतुबमिनाराशी त्याची नेहमी तुलना होते, पण त्याचे अंग खाचांनी कोरलेल्या तांबड्या दगडाचे नसून गोल आणि गिलाव्याचे आहे, आणि त्यावर इराणी झिलईच्या फरशा होत्या. सज्जे तोलून धरणाऱ्या दगडी कंसांची घडण मात्र मंदिरे बांधणाऱ्यांच्या हातची वाटते. त्याच किल्ल्यातील चिनी महालाचे नाव फरशांवरूनच पडले. गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला १६८७ नंतर येथेच कैदेत ठेवण्यात आले होते.

निजामशाहीत इराणी प्रभाव दरबारात वाढला तो शाह ताहिर या विद्वानामुळे. त्याच्या प्रभावाने बुऱ्हाण निजामशाहाने १५३७ साली शिया पंथ स्वीकारला. अहमदनगरच्या फरहबागेतील महाल मुर्तझा निजामशाहासाठी बांधावयास घेतला गेला. तो पूर्ण झाल्यावर सुलतानाला आवडला नाही म्हणून पाडून पुन्हा बांधण्यात आला, व १५८३ साली सलाबतखानाने ते काम पुरे केले. मोठ्या चौरस तलावाच्या मधोमध उभा असलेला हा अष्टकोनी महाल चारही दिशांना उंच ऐवानांनी उघडतो. म्हणजे अंगणाकडे तोंड केलेले चार ऐवान येथे उलटे फिरवून पाण्याकडे केले आहेत. रंगीत फरशा नाहीत. पांढरा चुना, त्याचे पाण्यातले प्रतिबिंब आणि सावली एवढ्यावरच सौंदर्य साधले आहे. सलाबतखानाची स्वतःची अष्टकोनी तीन मजली कबर शहराबाहेर शाह डोंगरावर आहे. लोक तिला ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात; चांदबीबीचा तिच्याशी संबंध नाही. शहरातील दमडी मशिदीत मात्र इराणी काही शोधू नये. तिचे कोरीव दगडकाम पूर्णपणे या मातीतले आहे.

औरंगाबादचा बीबी का मकबरा (१६६०–६१) हा मोगल मार्गाने आलेला इराणी वारसा होय. ताजमहालाच्या स्थपतीचा मुलगा अताउल्लाह याने तो बांधला. चार भागांत विभागलेली बाग मूळची इराणचीच, पण ती येथे आली आग्र्याहून.

बागांबरोबर पाण्याची विद्याही आली. डोंगराच्या पोटातून भूमिगत बोगदा खणून, ठरावीक अंतरावर उच्छ्वास ठेवून, केवळ उताराने पाणी शहरात आणण्याच्या इराणी पद्धतीस कारेझ म्हणतात. बीदरजवळ नौबाद येथे अशी कारेझ आहे. मलिक अंबरने औरंगाबादेत (तेव्हाचे खडकी) केलेली नहर-ए-अंबरी याच विद्येचा आविष्कार होय.

मराठी भाषेतील खुणा

इमारती पडल्या तरी शब्द राहतात. मशिदीत प्रार्थनेची दिशा दाखविणारा कोनाडा म्हणजे मेहराब. त्याची मराठीत ‘महिरप’ झाली आणि ती गणपतीच्या मखराला व देवघराला लागली. जिना, दालन, दरवाजा, दिवाणखाना आणि फरशी हे शब्द याच मार्गाने आले. चुनेगच्ची आणि गच्ची यांतील ‘गच’ म्हणजे फार्सीतला चुन्याचा गिलावा. माधव त्र्यंबक पटवर्धन (माधव जूलियन) यांचा फार्शी-मराठी कोश (१९२५) अशा शेकडो शब्दांचा माग काढतो.

पेशवाईतील वाड्यांच्या लाकडी खांबांना ‘सुरूदार’ खांब म्हणतात. सर्व अथवा सरो हा इराणी बागांतला निमुळता, सदाहरित वृक्ष. फरशांवर, गालिचांवर आणि चित्रांत तो हमखास असतो. त्याच्या घाटावरून खांब घडले व शनिवारवाड्याच्या काळात ते मराठी वास्तुकलेचे लक्षण ठरले. अर्नाळा-वसईच्या किनाऱ्यावर ज्या झाडाला सुरू म्हणतात ते निराळ्या कुळातले, नंतर लावलेले झाड आहे. केवळ आकाराच्या साम्याने त्यास हे नाव मिळाले.

मुंबईतील मोगल मशीद

समुद्रमार्गाचा हा संबंध बहमनी काळानंतर संपला नाही. मुंबईत डोंगरी भागात इमामवाडा रस्त्यावर हाजी मुहम्मद हुसेन शिराझी या इराणी व्यापाऱ्याने १८६० साली बांधलेली मशीद आहे. तिला ‘मोगल मशीद’ म्हणतात, कारण त्या काळच्या मुंबईत इराणी मुसलमानांना मोगल म्हणत. बाबर-अकबराच्या वंशाशी या नावाचा संबंध नाही. ही मशीद इराणच्या काजार काळातील शैलीत आहे: दोन मनोरे, अंगणात हौद, दर्शनी भाग निळ्या फरशांनी मढवलेला, आणि घुमट नाही. बीदरच्या मनोऱ्यावर आज तुकड्यातुकड्यांनी उरलेले काशीकाम पूर्ण स्थितीत कसे दिसत असेल, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने लोकल गाडीने सँडहर्स्ट रोडला उतरून येथे यावे.

सद्यःस्थिती

बीदरचा मदरसा, अष्टूरच्या कबरी, चांद मिनार आणि फरहबाग यांची देखभाल भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभाग करतो. दख्खनच्या सुलतानी काळातील स्मारके व किल्ले यांचा समावेश २०१४ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहे.

सर्वांत धोक्यात आहे ते काशीकाम. इराणच्या कोरड्या हवेत फरशी शतकानुशतके भिंतीला धरून राहते. दख्खनमध्ये पावसाचे पाणी फरशीमागच्या चुन्यात मुरते, उन्हाळ्यात तो चुना आक्रसतो, आणि एका सांध्यातून सुरू झालेली फट दरवर्षी थोडी थोडी वाढत जाते. झिलई पाणी आत घेत नाही, पण आत गेलेले पाणी बाहेरही पडू देत नाही. जुन्या चुन्याच्या जागी सिमेंट वापरल्यास हे अधिक वेगाने घडते, कारण सिमेंटचा थर ओल कोंडून धरतो व त्यातील क्षार झिलई उकलून काढतात. म्हणून अशा दुरुस्तीत भिजवून मुरविलेला चुना वापरणे आवश्यक ठरते. मदरशाच्या मनोऱ्यावर जेथे फरशा गळून पडल्या आहेत तेथे आज गिलाव्यात त्यांच्या चौकोनी खाचा तेवढ्या दिसतात. त्या खाचांवरून मूळ नक्षीचा पुष्कळसा भाग कागदावर पुन्हा मांडता येतो.